पैसे आले, पण कोणत्या बिलाचे?

पेमेंट बँकेत जमा झालं की बहुतेक ऑफिसात काय होतं, सॉफ्टवेअर उघडायचं, रिसीटमध्ये पार्टीचं (म्हणजे ग्राहकाचं) नाव, रक्कम, बँक टाकायची आणि सेव्ह. पार्टीचा बॅलन्स कमी दिसतो, काम संपलं. पण ते पैसे कोणत्या बिलापोटी आले हे कुणी टाकतच नाही, रक्कम नुसती 'ऑन अकाउंट' पडून राहते, आणि माझं तर ठाम मत आहे की उधारीतले बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

समजा एका पार्टीची तीन बिलं बाकी आहेत, सगळ्यात जुनं 40 हजारांचं, मग 25 आणि मग 35. त्यांनी 60 हजार पाठवले. त्यांच्या हिशोबाने दुसरं आणि तिसरं बिल चुकतं झालं, पहिलं त्यांनी मुद्दाम थांबवलंय कारण त्यातला काही माल खराब निघाला होता. आता सॉफ्टवेअरला 'जुनं बिल आधी' अशी ऑटो सेटिंग असेल तर ते 40 चं बिल पूर्ण मिटवून टाकतं, उरलेले 20 दुसऱ्यावर लावतं, आणि बाकी दिसते 5 अधिक 35. एकूण आकडा दोन्हीकडे 40 च, त्यामुळे कुणाला काही शंका येत नाही. पण वादातलं बिल यादीतून गायब झालं, आणि ज्या बिलांचे पैसे त्यांनी कधीच दिलेत त्यांचेच रिमाइंडर त्यांना जायला लागले! समोरचा चिडणारच ना. आणि खरा प्रश्न, म्हणजे त्या खराब मालाची क्रेडिट नोट (बिलातली तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद) द्यायची की नाही, तो तसाच लटकलेला.

एजिंग रिपोर्टचंही, म्हणजे कोणतं बिल किती दिवसांपासून बाकी आहे ते दाखवणाऱ्या यादीचंही तेच. 0 ते 30, 31 ते 60, 61 ते 90 दिवस आणि त्यापुढचे असे रकाने दिसायला छान असतात पण बिलाला पेमेंट लावलेलं नसेल तर जुनी बिलं तशीच थकलेली दिसतात आणि जमा रक्कम कुठेतरी वजा होऊन बसते. अजून एक, एजिंग बिलाच्या तारखेपासून मोजतंय की ड्यू डेटपासून (पैसे द्यायच्या शेवटच्या तारखेपासून) हे सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघाच, कारण 45 दिवसांची मुदत दिलेल्या पार्टीचं 40 दिवसांचं बिल बिलाच्या तारखेने दुसऱ्या रकान्यात जातं, खरंतर ते अजून ड्यूच झालेलं नसतं.

आणि सरासरी वसुलीचे दिवस, म्हणजे येणी भागिले उधार विक्री गुणिले दिवस (90 दिवसांत विक्री 90 लाख, येणं 30 लाख, तर 30 दिवस), त्यात हा घोळ पकडला जात नाही, तो आकडा फक्त बेरजांवर चालतो. म्हणून नुसता तो बघून निर्धास्त राहू नका.

छोट्या फरकांचंही बघा. बँकेने चार्ज कापला, पार्टीने लवकर पैसे दिले म्हणून 2 टक्के डिस्काउंट कापून घेतला, की बिलावर किरकोळ रक्कम उरते आणि ते महिनोन्महिने ओपन दिसतं. त्याच दिवशी योग्य खात्यात टाकून बिल बंद करायचं, आणि किती रकमेपर्यंत कुणी परस्पर मिटवायचं हे आधी ठरवून ठेवायचं.

ब्रेकअप, म्हणजे कोणत्या बिलाचे किती पैसे हा तपशील, पार्टीकडूनच मागायचा, अंदाजाने लावायचं नाही. पेमेंट करताना बिल नंबर लिहा असं बिलावरच ठळक छापा, तरी नाही आला तर त्याच दिवशी मेल, कारण महिन्याभराने त्यांच्याही लक्षात राहत नाही. जुनं 'ऑन अकाउंट' भरपूर साचलं असेल तर मोठ्या रकमांपासून सुरुवात करा, पार्टीला खातेउतारा पाठवा, त्यांचा मागवा, दोन्ही समोरासमोर ठेवून बिलं जुळवा. हे होईपर्यंत त्या पार्टीचे ऑटो रिमाइंडर बंद ठेवा, फोन करा.