एकच व्हॅनेडियम, दोन रकाने

माझ्या खनिज-संग्रहाच्या नोंदवहीत या महिन्यापासून प्रत्येक नमुन्यापुढे मुख्य, गौण आणि लेश असे तीन रकाने आखले आहेत. वजनाने १ टक्क्याहून जास्त असलेले मूलद्रव्य मुख्य, ०.१ ते १ टक्क्यापर्यंतचे गौण आणि त्याहून कमी, म्हणजे दहा लाख भागांत हजाराहूनही कमी असलेले, ते लेश, ही रूढ विभागणी मी धरली आहे.

पहिले दोन नमुने पुणे परिसरातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांतले आहेत. वाघोलीच्या खाणीतल्या कॅव्हनसाइटचे गडद निळे गुच्छ स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेले आहेत, तर पाषाणच्या हिरव्या अपोफिलाइटचा रंग भिंगाखाली स्फटिकाच्या आतूनच उमटल्यासारखा दिसतो. दोघांनाही रंग देते ते व्हॅनेडियम हे धातू-मूलद्रव्यच, आणि म्हणून सुरुवातीला मी दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘व्हॅनेडियमची अशुद्धी’ असे लिहिले होते. कॅव्हनसाइटच्या बाबतीत ते साफ चूक होते. या खनिजाचे नावच कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांवरून पडले आहे. सूत्रावरून हिशेब केला तेव्हा व्हॅनेडियम वजनाच्या सुमारे ११.३ टक्के भरले. ते काढून घेतले तर कॅव्हनसाइट उरतच नाही. अपोफिलाइटच्या सूत्रात मात्र व्हॅनेडियमला जागाच नाही. तिथे ते अत्यल्प प्रमाणात शिरलेले असते आणि तेवढ्यानेच एरवी रंगहीन असणारा स्फटिक हिरवा होतो.

गळून पडलेले कण झिलई नसलेल्या पोर्सिलेनच्या तुकड्यावर घासून पाहिले. अपोफिलाइटची रेघ शुभ्र उमटली, कॅव्हनसाइटच्या रेघेत फिकट निळी झाक राहिली.

हिशेबात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट फ्लोरिनची आहे. फ्लोरअपोफिलाइटच्या, म्हणजे फ्लोरिनयुक्त अपोफिलाइटच्या, आदर्श सूत्रात ते जेमतेम २.१ टक्के असूनही खनिजाच्या नावात आहे, म्हणून ‘थोडे आहे, तेव्हा गौण असेल’ हा अंदाज टाळावा. मूलद्रव्ये मोजणाऱ्या, हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राला इतके हलके मूलद्रव्य दिसत नाही, त्यामुळे केवळ त्याच्या आकड्यांवर विसंबलो असतो, तर फ्लोरिन नोंदवहीत आलेच नसते.

आज जळगावच्या रंगहीन अपोफिलाइटची चिठ्ठी लिहिली. मुख्य रकाना पाषाणच्या नमुन्यासारखाच भरला आहे; लेशाचा रकाना कोरा ठेवला आहे.