एकच इंजिन?

भाचा वैमानिक होतोय. आज पेडण्याला घरी आला आणि आईने पाणी देतानाच विचारलं, "बाबू, एकच इंजिन म्हणे! वर बंद पडलं तर?"

तो म्हणाला, "आजी, आम्ही शिकतो ते सेसना १७२ हे छोटं विमान इंजिन बंद पडलं तरी दगडासारखं कोसळत नाही. १ किलोमीटर उंचीवरून ८-९ किलोमीटर तरंगत जातं." मग त्याने देवघरातलं तेल पेल्यातल्या पाण्यात ओतलं. पाणी तळाशीच. इंधनात पाणी शिरलं तर इंजिन बंद पडू शकतं, म्हणून उड्डाणाआधी टाकीच्या तळातून निळसर पेट्रोल काढून पाणी शोधतात ते असंच.

मोठ्या प्रवासी विमानांपेक्षा यात धोका जास्त, हेही त्याने लपवलं नाही. मला त्या खरेपणानेच धीर आला. आभाळ भरलं की "आज नको" म्हणायची हिंमत त्याच्यात कायम राहो. पेला अजून आईसमोरच आहे.