स्लाउमधली शिकवणी: आधी अडते कुठे ते पाहू

लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळापासून फार दूर नसलेल्या स्लाउ या गावात येण्यापूर्वी मी साताऱ्यात सहा वर्षे एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवत होते. एका तुकडीत चाळीस मुले, एक फळा आणि महिनाअखेरीस संपवायचे प्रकरण, एवढेच माझ्या अध्यापनाचे शास्त्र होते. मागे पडणाऱ्या मुलासाठी माझ्याकडे ‘हेच उदाहरण पुन्हा एकदा सोडव’ यापलीकडे औषध नव्हते. आता मी येथील एका प्राथमिक शाळेत आठवड्यातून तीन सकाळी मुलांना एकेकटे किंवा तिघा-तिघांच्या गटात शिकवते आणि संध्याकाळी चार-पाच मुले घरी येतात. गावाकडच्या मैत्रिणी विचारतात, ‘एकाच मुलाला तासभर काय शिकवतेस?’ पहिले तीन-चार तास मी फारसे शिकवतच नाही, मूल नेमके कुठे अडते ते शोधत असते, हे माझे उत्तर त्यांना अजून पटलेले नाही.

हे शोधणे म्हणजे काय, ते मला इथल्या पहिलीच्या एका चाचणीने शिकवले. इंग्लंडमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून जून महिन्यात चाळीस शब्द मोठ्याने वाचून घेतात. त्यांपैकी वीस खरे असतात आणि वीस चक्क बनावट, ज्यांना इंग्रजीत काहीही अर्थ नाही. बनावट शब्दाशेजारी एखाद्या काल्पनिक प्राण्याचे चित्र असते, म्हणजे मुलाला आधीच कळते की हा शब्द त्याने पूर्वी कधी ऐकलेला नाही. मला प्रथम हा निव्वळ चावटपणा वाटला होता. पुढे घरी येणाऱ्या एका चुणचुणीत मुलीसमोर मी एस-टी-आर-ओ-एम अशी अक्षरे लिहिली आणि तिने क्षणाचाही विलंब न लावता ‘स्टॉर्म’ असे वाचले, तेव्हा त्या चावटपणाचे मर्म कळले. गोष्टीची पुस्तके घडाघडा वाचणारी ही मुलगी अक्षरे जोडून वाचतच नव्हती. शब्दाचा चेहरा ओळखून आणि चित्रावरून अंदाज बांधून ती तोपर्यंत निभावून नेत होती. तिला आणखी पुस्तके वाचायला लावून काही साधले नसते. आम्ही सहा आठवडे फक्त जोडाक्षरांसारखे जुळून येणारे ध्वनी घेतले, तेही दिवसाला दहा मिनिटे.

दुसरे उदाहरण आपल्या घरातलेच म्हणावे असे आहे. चौथीतला एक मराठी मुलगा माझ्याकडे आला, तो ‘पाढे येत नाहीत’ अशी शाळेची चिठ्ठी घेऊन. येथे चौथीच्या मुलांची पाढ्यांची संगणकावरील परीक्षा 2022 पासून सक्तीची झाली आहे: पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, पाढे बारापर्यंत. मुलाची आई चकित झाली होती, कारण कोल्हापूरच्या आजीने व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून पाढे चांगले घोटून घेतले होते. मी त्याला सातचा पाढा म्हणायला सांगितला, तर त्याने ‘सात एके सात’पासून ‘सात दाहे सत्तर’पर्यंत आजीच्याच ठेक्यात एका दमात म्हणून दाखवला. मग मी ‘सात आठे?’ एवढेच विचारले. त्याचे ओठ हलू लागले, मान डोलू लागली, सात एके, सात दुणे, सात त्रिक अशी गाडी सुरू झाली आणि छप्पन्नच्या स्टेशनात पोहोचेपर्यंत सहा सेकंद केव्हाच उलटून गेले होते. त्याहून गंमत म्हणजे, उत्तर लिहिताना त्याने 65 लिहिले. मराठीत छप्पन्न म्हणताना सहा आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर, इंग्रजीत याच्या उलट; हा मुलगा मनात मराठीत मोजत होता आणि हाताने इंग्रजीत लिहीत होता. त्याचे पाढे कच्चे नव्हते, ते फक्त सुरुवातीपासूनच म्हणता येत होते, शिवाय एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना अंक उलटे पडत होते. शाळेच्या चिठ्ठीत मात्र दोन्ही गोष्टींसाठी एकच वाक्य होते.

आम्ही पाढा मधूनच पकडायचा सराव केला. सात साते एकोणपन्नास हे त्याला पक्के होते, तेव्हा त्यात आणखी एक सात मिळवायचा. आठ साते आणि सात आठे एकच, म्हणून निम्मे पाढे आपोआप हलके होतात. आजीलाही मी विनंती केली की आता क्रमाने विचारू नका, आडवेतिडवे विचारा. त्या बाईंना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. त्यांनी आधी माझीच परीक्षा घेतली आणि अडीचकीला मी पडले.

शाळांची व्यवस्था कागदावर तरी चांगली आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांकडे लक्ष देणारा सेन्को नावाचा शिक्षक प्रत्येक सरकारी शाळेत असावाच लागतो, आणि गरज मोठी असेल तर 2014 च्या कायद्यानुसार वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू शकणारी ईएचसी, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभाल योजना मिळते. ती वीस आठवड्यांत तयार व्हावी असा नियम आहे. प्रत्यक्षात पालकांना बऱ्याचदा त्याहून अधिक काळ थांबावे लागते. कोविडनंतर 2020 मध्ये सरकारने राष्ट्रीय शिकवणी कार्यक्रम काढला, ज्यात साधारणपणे पंधरा तासांची शिकवणी अनुदानातून मिळे. 2024 मध्ये तो बंद झाला. त्या काळात एका शाळेने ‘गणितात मागे’ म्हणून माझ्याकडे तीन मुले एका गटात पाठवली. एकाला प्रश्नच वाचता येत नव्हता, दुसरीला दशक-एकक यांचा घोळ होता आणि तिसरा आजारपणामुळे तिसरीचे अर्धे वर्ष शाळेतच नव्हता, त्यामुळे अपूर्णांक त्याच्या कानावरूनही गेले नव्हते. तिघांना एकत्र पंधरा तास शिकवणे म्हणजे माझ्या साताऱ्याच्या क्लासचीच छोटी आवृत्ती होती.

मूल कुठे अडते ते आधी पाहून शिकवणे परदेशातच शक्य आहे असा समज करून घेऊ नये. मुंबईच्या वस्त्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना काय वाचता येते, अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट, त्यानुसार गट पाडून शिकवण्याची पद्धत रूढ केली, आणि ती पुढे झांबियासारख्या देशांनीही उचलली.

स्लाउमधील आपल्या मंडळींना मात्र या शोधाशोधीचा धीर नसतो. येथे ग्रामर शाळा, म्हणजे परीक्षा घेऊन निवडक मुलांना प्रवेश देणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळा आहेत, त्यांची प्रवेशपरीक्षा सहावीच्या सप्टेंबरात असते, म्हणून तिसरीपासूनच ‘पेपर सोडवून घ्या’ हा तगादा लागतो. तासाचे तीस पौंड घेऊन मी पहिला तास नुसत्या गप्पा मारते, अशी तक्रारही एका वडिलांनी केली होती. त्यांचे मूल त्या गप्पांत घड्याळ वाचू शकत नाही हे मला कळले होते, पण ते सांगण्याआधीच त्यांनी दुसरी शिकवणी लावली.

पाढ्यांच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी अमुक गुण हवेत असे काही नसते, शाळा फक्त गुण कळवते. आमच्या त्या चौथीतल्या मुलाला जूनमध्ये पंचवीसपैकी तेवीस पडले. आई खूष होती. कोल्हापूरहून दुसऱ्याच दिवशी फोन आला, उरलेले दोन कुठले ते आजींना हवे होते.