अर्ध्यावर झोपलेला प्रेक्षक

जळगाव, सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

सकाळी कानबाईचे, म्हणजे आमच्या खानदेशात श्रावणात बसवतात त्या देवीचे, विसर्जन करून परतलो. जागरणाने डोळे चुरचुरत आहेत, तरी शुक्रवारपासून मनात असलेला सल लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या गव्हाच्या नैवेद्यासाठी, भाऊबंद घरी जमू लागले होते. मुलांचे मन रमावे म्हणून मी शंभर रुपये भरून यूट्यूबवर त्याच दिवशी आलेला ‘सितारे जमीन पर’ लावला. बास्केटबॉलचा आणि विनोदी, म्हणजे मुलांचाच, असे मी गृहीत धरले. सेन्सॉर प्रमाणपत्रावर ‘यूए १३+’, म्हणजे तेराखालच्या मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन हवे, असे होते आणि पुतण्या आठ वर्षांचा आहे. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट केले, ते पालकांनी आधी विचार करावा म्हणूनच, वयावरून दारात अडवणूक होते ती फक्त ‘ए’ (केवळ प्रौढांसाठी) प्रमाणपत्राच्या चित्रपटाला.

चित्रपटातला प्रशिक्षक दारू पिऊन गाडी ठोकतो, ते मुलांना समजावून सांगता आले. अवघड ठरला तो विनोद. सुरुवातीला हा माणूस बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना ‘पागल’ म्हणतो आणि मुले खदखदून हसतात. आपले किती चुकले हे त्याला पुढे त्याच खेळाडूंकडून हळूहळू उमगते, आणि चित्रपटाचा खरा जीव तिथेच आहे. पण अडीच तासांहून मोठ्या या चित्रपटात पुतण्या निम्म्यावरच गाद्यांच्या चळतीवर झोपून गेला. त्याच्या लक्षात राहिला तो पहिला भाग.

शनिवारी सकाळी माझा चुलतभाऊ रोटांचे गहू निवडत बसला होता. चाळिशी उलटली तरी त्याला बोलायला आणि समजायला वेळ लागतो; खडा सापडला की प्रत्येक वेळी तो काकूला दाखवतो. पुतण्याने त्याला तोच शब्द, चित्रपटातल्याच सुरात ऐकवला. भावाचा हात थांबला. त्याने चिमटीतला खडा काकूला दाखवला नाही, परत सुपात टाकला.

पुतण्याला रागावण्याचा अधिकार मला नव्हता. दुपारी त्याला शेजारी बसवून उरलेला चित्रपट दाखवला आणि जिथे तो हसला तिथे थांबवून, हसू कशाचे आले, एवढेच विचारले. काही ठिकाणी त्याने नीट उत्तर दिले, काही ठिकाणी मान खाली घातली. चुलतभावाजवळ मात्र तो अजून जात नाही, आणि मीही त्याला पुढे ढकललेले नाही.