तुम्ही विचारलंत म्हणून: रस्ता रिकामा कसा सापडतो, आणि एवढी चर्चं कशाला?

मी पुण्याची. नोकरीच्या निमित्ताने फ्रान्समधल्या लियोंला आले आणि इथलीच झाले. शनिवार-रविवार सायकल घेऊन बाहेर पडते आणि घरच्यांना फोटो पाठवते. ते फोटो बघून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "इतके रिकामे रस्ते तुला सापडतात कुठे?" दुसरा जरा दबकत, "तू देवळातही कधी फारशी जात नव्हतीस, मग प्रत्येक फोटोत चर्च कसं?" पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सायकलफेरीचे बाराशे किलोमीटर नव्वद तासांत मारायला आपल्याकडून जी मंडळी येतात, त्यांचा तिसरा प्रश्न असतो, "फेरीनंतर चार दिवस हातात आहेत. आल्प्स सोडून कुठे जाऊ?"

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. मला रिकामे रस्ते सापडतात ते चर्चमुळे.

मी बोलतेय ती दक्षिण बर्गंडीबद्दल, सॉन-ए-लुआर जिल्ह्याबद्दल. अकराव्या-बाराव्या शतकातली दगडी चर्चं इथे इतकी दाट आहेत की एका गावाच्या वेशीवर उभं राहिलं की पुढच्या गावाचा मनोरा दिसतो. गोल कमानी, जाड भिंती, लहान खिडक्या. या शैलीला इंग्रजीत रोमनेस्क म्हणतात. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. तो काळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे इथे गवंडी काय करत होते त्याचा अंदाज येईल.

आता रस्त्याचं. फ्रान्समध्ये सुमारे 35 हजार ग्रामपंचायती आहेत. पंचायत हा माझा शब्द, ते कम्यून म्हणतात. राज्यक्रांतीच्या वेळी ही कम्यून आखली तेव्हा बहुतेक ठिकाणी जुन्या चर्चची हद्द तीच नव्या गावाची हद्द धरली. म्हणजे प्रत्येक गावाला एक चर्च, आणि प्रत्येक गावातून शेजारच्या गावाला जाणारी एक वाट. बारशाला, लग्नाला, मयताला, बाजाराला माणसं याच वाटांनी गेली. पुढे त्यांवर डांबर पडलं. मग माणसं शहरात गेली, ट्रक मोठ्या हमरस्त्यांवर गेले, आणि हे डांबरी रस्ते तसेच राहिले. गाव आजही ते नीट राखतं. त्यावर दिवसभरात एखादा ट्रॅक्टर, पोस्टाची पिवळी गाडी आणि गवत नेणारी एखादी ट्रॉली, एवढीच वर्दळ.

म्हणून माझी पद्धत सोपी आहे. मिशलॅंचा, म्हणजे टायरवाल्या मिशेलिन कंपनीचा, कागदी नकाशा पसरायचा. त्यात लाल रस्ते मोठ्या वाहतुकीचे, पिवळे मधले, पांढरे गावचे. जुन्या चर्चची खूण शोधून पेन्सिलीने गोल करायचा आणि गोलापासून गोलापर्यंत फक्त पांढऱ्या रस्त्याने जायचं. पांढरा नसेल तिथे नाइलाज म्हणून पिवळा. रस्त्यावर बाणाची टोकं छापलेली असतात, ती चढाच्या दिशेने. एक टोक म्हणजे पाच ते नऊ टक्के चढ, दोन म्हणजे तेरापर्यंत, तीन म्हणजे त्याहून जास्त. बोपदेव घाट चढलेल्या माणसाला एका टोकाची भीती वाटायचं कारण नाही. तीन दिसली तर पाणी भरून घ्या.

फोनवरच्या ॲपने मला एकदा "सर्वांत लहान रस्ता" म्हणून नांगरलेल्या शेताच्या कडेच्या गारगोट्यांवर नेऊन सोडलं. दोन ट्यूब गेल्या, अंधार पडला, चार किलोमीटर सायकल ढकलत आले. तेव्हापासून फोन खिशात, नकाशा हँडलवर.

पहिल्यांदा येणाऱ्याने तूर्न्यूपासून सुरुवात करावी. लियोंहून टीईआर या साध्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास. सायकल सुटी करावी लागत नाही, तशीच डब्यात चढवायची. स्टेशनपासून पाच मिनिटांवर सेंट फिलिबेरचं मठ-चर्च. नुआरमुतिए बेटावरचे साधू व्हायकिंगांच्या धाडींना कंटाळून संताच्या अस्थी घेऊन निघाले, वर्षानुवर्षं फिरत राहिले आणि 875 मध्ये इथे येऊन स्थिरावले. आत गुलाबी छटेचे उंच गोल खांब आहेत, पण मान वर करून छत बघा. एक लांबलचक कमानीचं छत टाकण्याऐवजी रुंदीच्या दिशेने एकापाठोपाठ एक आडवी छतं टाकली आहेत. त्यामुळे एकमेकांचा भार एकमेकांवर तोलला जातो आणि बाजूच्या भिंतीत वरपर्यंत खिडक्या काढता येतात. सकाळी नऊला तिथे जो उजेड असतो तो बघूनच पॅडलवर पाय ठेवावा.

तिथून ओझने गावावरून ब्रांसियोंची खिंड. चढ लांब नाही, सावली आहे. वर टेकडीच्या टोकावर ब्रांसियों: किल्ला, लाकडी खांबांची जुनी बाजारपेठ आणि कड्याच्या काठावर छोटं चर्च. गाडी लांब ठेवून लोक चालत येतात, त्यामुळे आवाज नाही. पलीकडे उतरलात की शापेझ.

शापेझबद्दल मला थांबून सांगायला हवं, कारण माझं मन तिथे अडकलं आहे. गाव म्हणजे पाचपन्नास घरं. मधोमध सुमारे 35 मीटर उंचीचा मनोरा, गावाच्या मानाने कितीतरी मोठा. भिंतींवर दगडाच्या बारीक उभ्या पट्ट्या आहेत, त्या वर जाऊन छोट्या कमानींनी जोडलेल्या. हे काम उत्तर इटलीच्या गवंड्यांच्या धाटणीचं. दगड विटेएवढे लहान. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा थंडावा अंगावर येतो, मग डोळे सरावतात आणि खांब दिसतात. गोल, इतके जाड की दोघांनी मिळून कव घालावी लागेल. आणि ते सरळ नाहीत, बाहेरच्या बाजूला झुकलेले आहेत. छताच्या वजनाने कधीतरी रेटले गेले आणि तसेच थांबले. मी दर वेळी त्यातल्या एकाला पाठ टेकून बसते. घामेजल्या पाठीला तो गार दगड लागतो आणि खांब कलला आहे हे डोळ्यांआधी पाठीला कळतं. हजार वर्षं कुणीतरी तोल सावरून उभं आहे, आणि आपण त्याला टेकून केळं खातोय. तुम्ही विचारता चर्च का, तर यासाठी.

पुढे कोर्मातॅंला रेल्वेच्या जुन्या मार्गावरची सायकलवाट लागते. रूळ काढून 1997 मध्ये जिव्री ते क्ल्युनी अशी 44 किलोमीटरची ही वाट केली. फ्रान्समधली अशी ती पहिली मानतात. सपाट आहे, लहान मुलांसकट कुटुंबं असतात, रविवारी गर्दीही असते. मी तिच्यावर फार रमत नाही, पण टेझेवरून क्ल्युनीला पोचायला ती बरी.

क्ल्युनीत जाऊन निराश झालेले लोक मी पाहिले आहेत. तिथलं तिसरं मठ-चर्च 1088 मध्ये बांधायला घेतलं, लांबी 187 मीटर. रोमचं आताचं सेंट पीटर होईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं. क्रांतीनंतर ते व्यापाऱ्यांना विकलं गेलं आणि त्यांनी मधून रस्ता काढून दगड विकले. उरली आहे ती मुख्यतः क्रुसाकार इमारतीच्या आडव्या भागाची दक्षिण बाजू आणि तिच्यावरचा अष्टकोनी मनोरा. म्हणून माझा आग्रह असतो की क्ल्युनीला शेवटी या. आधी दोन दिवस आसपासची लहान चर्चं बघा. या मठाच्या संपत्तीने आणि वजनाने या भागात किती बांधकाम झालं ते आधी कळलेलं असलं, की तो एकटा उरलेला मनोरा बघताना गेलेलं सगळं मनात उभं राहतं. लहान गावांकडे पुढे मोठं चर्च बांधायला पैसाच आला नाही, म्हणून त्यांची जुनी वास्तू टिकली. जे सर्वांत मोठं होतं तेच गेलं.

एक दिवस जास्त असेल तर क्ल्युनीच्या दक्षिणेला ब्वा-क्लेरचा बोगदा पार करा, सुमारे 1.6 किलोमीटर. दिवा हवा. हिवाळ्यात तो वटवाघळांच्या झोपेसाठी बंद असतो. पलीकडे बेर्झे-ला-व्हिलला साधूंचं एक छोटं प्रार्थनाघर आहे. 1887 मध्ये गावच्या पाद्रींना चुन्याच्या थराखाली भिंतभर चित्रं सापडली. गडद निळ्या पार्श्वभूमीवर बसलेला ख्रिस्त, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा.

आणि माझा खरा लाडका भाग पश्चिमेला आहे, ब्रियोने. पारे-ल-मोनियालपासून शार्लियोपर्यंत वळसे घेत 60-65 किलोमीटर होतात, आणि तिथून पुढे रोआन गाठलं की परतीला लियोंची गाडी. पारेला जाणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत, वेळ आधी बघून ठेवा. इथे सपाट काही नाही. उतार संपतो तिथे ओढा, ओढ्यानंतर लगेच चढ. शेतांना काटेरी झाडीची कुंपणं, आत शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाई. चढावर आपला श्वास ऐकून त्या मान वर करतात आणि आपण दिसेनासे होईपर्यंत बघत राहतात.

इथला दगड पिवळा. संध्याकाळी सहानंतर भिंती मधासारख्या होतात. मोंसो-लेत्वाल, आंझी-ल-द्यूक, सम्यूर, सें-जुलियॅं-द-जोंझी, इग्रांद: ही नावं नकाशावर पेन्सिलीने जोडा आणि निघा. आंझीला आठ कोनांचा तीन मजली मनोरा आहे. तिथलं एक कोरीव दार आता पारेच्या संग्रहालयात आहे, तेही चुकवू नका. सम्यूर हे क्ल्युनीचं ते मोठं चर्च सुरू करणाऱ्या मठाधिपती ह्यूगचं जन्मगाव. सें-जुलियॅंच्या दारावर येशूचं शिष्यांसोबतचं शेवटचं भोजन कोरलं आहे. क्रांतीच्या काळात शिष्यांची डोकी फोडली गेली, पण टेबलावरच्या कापडाच्या चुण्या जशाच्या तशा आहेत, आत्ताच इस्त्री करून घातल्यासारख्या. इग्रांदला एका खांबाच्या माथ्यावर एकच डोळा असलेला वादक आहे. त्याला शोधायला वेळ लागतो, तो लागू द्या.

व्यवहाराचं थोडं. मे, जून आणि सप्टेंबर उत्तम. ऑगस्टमध्ये सकाळी सहाला निघा, दुपारी झोपा. शरद ऋतूत रविवारी शिकारी असतात, भडक रंगाचं जाकीट घाला. गावातली बेकरी दुपारी बंद होते आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारी उघडतच नाही, तेव्हा रविवारीच सोमवारचा पाव घेऊन ठेवा. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे आणि इथे तो पाळतात. आपण मात्र एक लक्षात ठेवायचं: गावात खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो कितीही लहान गल्लीतून येत असला तरी.

पाण्याचं आणखी महत्त्वाचं. हॉटेल नसलेली गावंच्या गावं लागतात. अशा वेळी दफनभूमी शोधा. फाटकाच्या आत फुलांना पाणी घालायला नळ असतो आणि शेजारी खुंट्यांवर हिरव्या झाऱ्या टांगलेल्या असतात. "पिण्यायोग्य नाही" अशी पाटी नाही ना, एवढं बघून बाटली भरायची. मी सायकल बाहेर ठेवते, हेल्मेट काढते, आणि भरून झाल्यावर जवळच्या एखाद्या सुकलेल्या कुंडीत झारीभर पाणी घालते. माझ्या आईने शिकवलेली रीत आहे, घेतलं तिथे थोडं ठेवायचं.

दार बंद असलं तर परत फिरू नका. धर्म आणि सरकार वेगळे करणाऱ्या 1905 च्या कायद्यानंतर ही जुनी चर्चं गावाच्या मालकीची आहेत. बरेचदा दारावर चिठ्ठी असते, किल्ली अमुक घरी. गेल्या जूनमध्ये ब्रियोनेतल्या एका गावात अशीच चिठ्ठी वाचून मी निळ्या खिडक्यांचं घर गाठलं. ऐंशीच्या पुढच्या बाई आल्या, हात पिठाचे. खिळ्यावरची किल्ली त्यांनी कोपराने दाखवली, "घ्या तुम्हीच." वीतभर लांबीची, लोखंडी, हातात घेतल्यावर मनगटाला वजन जाणवणारी. कुलपात ती उलटी फिरवावी लागते हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

अर्ध्या तासाने मी किल्ली परत केली. पुढे कुठे, असं त्यांनी विचारलं. मी नकाशावरचा पेन्सिलीचा गोल दाखवला. त्यांनी नकाशाकडे पाहिलंच नाही. मला फाटकापर्यंत घेऊन आल्या आणि दुसऱ्या टेकडीमागे दिसणाऱ्या मनोऱ्याच्या टोकाकडे बोट केलं. "वरच्या रस्त्याने जाऊ नका, दुधाची गाडी येते. खालच्याने जा, ओढ्याकाठून. आमची आई लग्न होऊन त्याच रस्त्याने आली." नकाशात तो रस्ता पांढराच होता, इतका बारीक की माझ्या पेन्सिलीखाली झाकला गेला होता. मी खालच्याने गेले. सात किलोमीटरमध्ये एकही गाडी आली नाही.