दाढेच्या मुळाशी जीपीएस

रूट कॅनाल करूनही खालच्या दाढेपाशी हिरडीवर फोड येतच होता. शेवटी जळगावात मुळाचं टोक कापायचं ठरलं. आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. मग दातांवर एक खूणपट्टी बसवली, तशीच ड्रिलवर. वरचे कॅमेरे दोन्हींवर डोळा ठेवून. डॉक्टरांची नजर मात्र माझ्या तोंडात कमी, पडद्यावर जास्त! (धडकीच भरली.) तिथं जीपीएससारखी ड्रिलची दिशा, आणि खोली थेट मिलिमीटरात. ओठाची संवेदना सांभाळणारी नस शेजारून जाते, म्हणून हा खटाटोप. ३ मिलिमीटर टोक काढलं, तिथं एमटीए नावाचं दातांचं सिमेंट भरलं, टाके घातले. आठवडाभर नुसती मऊ खिचडी, तीही गार. आणि घरी माय ऐन थंडीत भरताची वांगी भाजतेय!