आमची वाटचाल : कुणाचं बटण कुणाला

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मामांचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या लाकडी नमुन्यांचं, दुकान आहे. त्याच्या माळ्यावर २०१६ साली मी आणि माझ्या मावसभावानं दोन कॉम्प्युटर मांडले. भाडं नव्हतं, पण खाली लाकूड कापायचं मशीन सुरू झालं की फोनवर बोलता यायचं नाही. काम फौंड्र्यांचं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओतकामाचे कारखाने ढिगानं. प्रत्येकाकडं एक वही असायची : आज किती हीट, म्हणजे भट्टीच्या खेपा, झाल्या, किती टन ओतलं, किती कास्टिंग नापास झाली आणि कशानं, म्हणजे ब्लो होल, कोल्ड शट की वाळू. ती वही एक्सेलमध्ये चढवायची आणि महिनाअखेरीला चार्ट छापून द्यायचे. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि दोनेक वर्षं आम्ही निम्मा वेळ त्यातच घालवला. पैसे मिळाले. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

खरा बदल २०२० मध्ये झाला. मालक घरी, कारखाना अर्धामुर्धा सुरू. एका शेठजींचा फोन आला, "मॅडम, मोबाइलवर आकडे दिसतील असं कायतरी करा की." एक्सेल मोबाइलवर उघडतं, पण बोटानं सरकवून सरकवून माणूस वैतागतो. मावसभावानं तोवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून घेतली होती आणि त्यात त्याला प्लॉटली सापडली. मॉन्ट्रियलच्या कंपनीची ही लायब्ररी, म्हणजे चार्ट काढायचा तयार कोड. तिचा जावास्क्रिप्टमधला गाभा २०१५ पासून मुक्तस्रोत आहे, त्यामुळं लायसन्सचा खर्च शून्य. आमच्यासारख्यांना तोच मुद्दा मोठा होता. सगळे चार्ट एका एचटीएमएल फाइलमध्ये बसायचे, फाइल तीन-चार एमबीची व्हायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जायची.

पहिला डॅशबोर्ड साधा होता. वर रिजेक्शनचा, म्हणजे नापास कास्टिंगचा, चार्ट, खाली टनाला किती युनिट वीज लागली त्याचा. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. त्यामुळं फौंड्रीवाल्याची नजर आधी खालच्या चार्टवरच जाते. दोन्ही चार्टांना तीन-तीन बटणं दिली : शिफ्ट, दिवस, महिना. दाखवायला गेलो तेव्हा शेठजी आणि त्यांचे दोन्ही मुलगे बसले होते. शेठजींनी वरचं 'महिना' दाबलं. झकास. मग खालचं 'दिवस' दाबलं. खालचा चार्ट दिवसाचा झाला आणि वरचा आपोआप शिफ्टवर परत गेला. त्यांनी पुन्हा वरचं 'महिना' दाबलं, तर आता खालचा उडी मारून शिफ्टवर. धाकटा मुलगा हसला. शेठजी म्हणाले, "ह्यांचं एकमेकाशी भांडान हाय काय?"

भांडण नव्हतं, आमचा आळस होता. प्लॉटलीला ते दोन चार्ट म्हणून दिसतच नाहीत. तिला दिसते एक आकृती आणि तिच्यात ० ते ५ अशा क्रमांकांच्या सहा रेषा : दर चार्टाला शिफ्ट, दिवस आणि महिना अशा तीन. कुठली रेषा दाखवायची आणि कुठली लपवायची याची हो-नाहीची यादी प्रत्येक बटणासोबत जाते. आम्ही प्रत्येक बटणाला सहाच्या सहा रेषांची यादी दिली होती. खालच्या बटणाची यादी लिहिताना वरच्या तीन रेषांसाठीही काहीतरी लिहावंच लागतं, म्हणून 'शिफ्ट हो, बाकी नाही' असं लिहून मोकळे झालो. वापरणाऱ्यानं वर काय निवडलंय ते खालच्या बटणाला कळायचा मार्गच नव्हता. ते बिचारं सांगितलेलं काम इमानेइतबारे करत होतं.

पहिला उपाय आम्ही काढला तो आठवला की अजून लाज वाटते. बटणं काढून एकच ड्रॉपडाउन ठेवायचा आणि त्यात सगळ्या जोड्या : शिफ्ट-शिफ्ट, शिफ्ट-दिवस, शिफ्ट-महिना... नऊ ओळी. तिसरा चार्ट आला असता तर सत्तावीस झाल्या असत्या. सुदैवानं तेव्हाच आमच्याकडं डिप्लोमाची एक मुलगी शिकाऊ म्हणून आली होती. आम्ही जोड्या लिहीत बसलो तेव्हा ती डॉक्युमेंटेशन वाचत बसली. रीस्टाइल पद्धतीच्या, म्हणजे रेषांमध्ये बदल करणाऱ्या, बटणाला बदलांच्या मागोमाग आणखी एक यादी देता येते : हे बदल कुठल्या क्रमांकांच्या रेषांना लागू करायचे त्याची. वरच्या बटणांना ०, १, २ द्या, खालच्यांना ३, ४, ५, आणि हो-नाहीची यादी सहाऐवजी तीनचीच ठेवा. बाकीच्या रेषांना मग कुणी हात लावत नाही. चार दिवसांची झटापट एका कंसात मिटली. ती मुलगी आज आमची भागीदार आहे.

तरी मथळ्यांनी अजून एकदा फसवलं. बटण दाबल्यावर चार्टचा मथळा 'शिफ्टवार'चा 'महिनावार' व्हायला हवा होता. आम्ही तो बदलला आणि शेजारच्या चार्टचा मथळाच गायब. उपचार्टांचे मथळे प्लॉटली टिपांच्या एकाच यादीत ठेवते. नवी यादी दिली की जुनी सगळी पुसली जाते. यादी न देता 'शून्याव्या टिपेचा मजकूर बदल' असं नेमकं सांगायचं असतं. अक्षांचंही तसंच. अख्खा अक्ष नव्यानं दिलात तर त्याच्या बाकीच्या सेटिंग जातात, म्हणून त्यातलं हवं तेवढंच नाव घ्यायचं.

२०२२ मध्ये आम्ही डॅशवर गेलो, म्हणजे प्लॉटलीचे चार्ट सर्व्हरवरून ब्राउझरमध्ये दाखवायच्या सोयीवर, कारण फाइली पाठवायचा कंटाळा आला होता आणि गिऱ्हाइकांना ताजे आकडे हवे होते. तिथं आमची झाली ती फजिती पहिलीपेक्षा भारी. एका कारखान्यानं मोल्डिंगच्या बाजूला मोठा टीव्ही लावला होता. दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरचा फोन : "मॅडम, टीव्हीवरचा चार्ट मनानंच बदलतोय." जाऊन बघितलं तर खरंच. इथं कुणी हात लावलेला नाही आणि शिफ्टचा चार्ट क्षणात महिन्याचा. अर्धा तास वायर आणि वायफाय बघण्यात गेला. मग कळलं, वरच्या केबिनमध्ये मालक महिन्याचा हिशेब बघत होते. निवडलेलं बटण आम्ही सर्व्हरवर एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक जागेत, ठेवलं होतं. सर्व्हर एक, व्हेरिएबल एक, बघणारे दोन. टीव्ही दर मिनिटाला ताजा व्हायचा आणि मालकांची निवड उचलायचा. आमच्या माळ्यावर हे कधी दिसलं नव्हतं, कारण तिथं एका लॅपटॉपवर एकच माणूस तपासायचा. असं करू नका, असं डॅशच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. आता निवड ज्याच्या त्याच्या ब्राउझरमध्ये, स्टोअर नावाच्या घटकात राहते, आणि काहीही पाठवण्याआधी दोन लॅपटॉपवर दोघं जण एकाच वेळी बटणं दाबतात. दोन कपांचा खर्च आहे, चहा घेऊन बसतात.

सगळंच वेगळं करायचं नसतं, हे गिऱ्हाइकांनी शिकवलं. शिफ्ट-दिवस-महिना ज्याचं त्याचं, पण कास्टिंगचा पार्ट नंबर निवडला की सगळे चार्ट त्याच पार्टचे व्हायला हवेत, नाहीतर रिजेक्शन एका पार्टचं आणि वीज दुसऱ्याची असा गोंधळ उडतो. म्हणून आता कोड लिहिण्याआधी आम्ही कागदावर चौकोन काढतो आणि प्रत्येक बटणापासून त्याच्या चार्टकडं बाण ओढतो. गिऱ्हाइकाला समोर बसवूनच. निम्मे बाण तेच खोडायला लावतात.

टीव्हीचं पान नंतर वेगळंच केलं. तो सुपरवायझर म्हणाला होता, "हातात ग्लोव्हज, वाळूनं भरलेले. आम्ही बटण कधी दाबायचं?" त्या पानावर आता एकही बटण नाही.